येळवशीचं चित्रपुस्तक करताना

लहान मुलांच्या चित्रपुस्तकांत सण भरपूर असतात. दिवाळी असते, होळी असते, संक्रांत असते. त्यांतलं जेवण मात्र बहुतेक वेळा एकच: केळीच्या पानावर पुरणपोळी, वरण-भाताची मूद, कोपऱ्यात लिंबाची फोड. सोलापूरच्या पूर्व भागात मी मुलांचा वाचनवर्ग घेते. तिथं येणाऱ्या मुलांपैकी कुणाच्या घरी तेलुगू बोलतात, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू, शाळा मराठी. आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. पुस्तकातलं ते पान ही मुलं दुसऱ्याच्या घरात खिडकीतून डोकवावं तसं बघतात. त्यांच्या रोजच्या ताटातली ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, पुंटीकूर (अंबाडीची भाजी) कुणी मन लावून काढलेलं त्यांनी पाहिलेलंच नाही. म्हणून आपल्या भागातल्या एका जेवणाचं पुस्तक करायचं ठरवलं. आणि मला पहिल्यापासून येळवसच हवी होती.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्षातली ही अमावस्या डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला येते. सोलापूर, धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडे विजयपूर, कलबुर्गी, बिदर एवढ्या पट्ट्यात ती पाळतात. रब्बीची ज्वारी, हरभरा, गहू, करडई शेतात उभी असते. आदल्या रात्रभर बाया रांधतात आणि सकाळी सगळं घर टोपल्या घेऊन शेतात जातं. कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, त्यांची पूजा करायची, आंबील पिकांवर शिंपडायची आणि मग जेवायचं. भज्जी म्हणजे दाणे आणि पालेभाज्यांची घट्ट भाजी, उंडे म्हणजे पिठाचे वाफवलेले गोळे, आंबील, भाकरी, शेंगाची पोळी, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्यालाही बोलावणं असतं. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. मला या सणातलं सर्वांत प्रिय काही असेल तर ही हाक.

माझं माहेर दक्षिण सोलापूर तालुक्यातलं. त्यामुळे पहिली माहिती आईकडून घ्यायची हे ठरलेलंच होतं. वही घेऊन तिच्यासमोर बसले, भज्जीत काय काय घालतेस ते सांग म्हटलं. तिनं सांगायला सुरुवात केली: भिजवलेले हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणा, पावटा, शेंगदाणे, मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, वांगं, गाजर, चिंचेचा कोळ, वरून कालवलेलं बेसन. किती किती, असं विचारलं तर म्हणाली, “वाटी-बिटी काय नसतंय त्यात. गल्लीत कुणाकडं काय हाय ते बघतोय आमी. ज्याच्या शेतात चुका, तो चुका देतोय. कुणी हरभरा सोलून देतंय. सगळ्यांचं मिळून भज्जी होतीय की.” त्या संध्याकाळी मी वहीत प्रमाण लिहायचं सोडून दिलं आणि कुठली वस्तू कुणाच्या घरून येते ते लिहीत गेले. पुस्तकाचा सांगाडा त्या यादीतूनच उभा राहिला.

मजकूर मी आधी मुद्दाम ऐसपैस लिहिला. कोपीचं तोंड कुठं असतं, पांडव का मांडतात, आंबिलीत ताक किती, सगळं. मग प्रत्येक वाक्य हातात घेऊन स्वतःला विचारत गेले, हे चित्र सांगेल का? सांगणार असेल तर वाक्य काढलं. “आज्जीनं हिरवं लुगडं नेसलं होतं” हे वाक्य चित्रपुस्तकात कशाला हवं? लुगडं दिसतंच आहे. उलट “चुलीपाशी जाळाचा वास येत होता” हे चित्रात येत नाही, ते ठेवलं. अशी चाळणी लावत शेवटी मजकूर इतका राहिला, की मोठ्यानं सावकाश वाचला तरी पाच-सहा मिनिटांत संपावा. सहा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन वाचायचं तर एवढंच झेपतं, आणि चित्रांवर बोट ठेवून थांबायला वेळ उरतो.

पण कथा अजून बसलेली होती, चालत नव्हती. रेवू नावाची मुलगी, तिची आज्जी, तिचे वडील, आत्या, सगळे होते. रेवू मात्र फक्त बघत होती. मोठी माणसं करतात आणि मूल टाळ्या वाजवतं, अशी परंपरेवरची पुस्तकं मी खूप वाचली आहेत. अशा पुस्तकाच्या शेवटी मूल जसं आलं तसंच परत जातं. मी माझ्या लहानपणीच्या येळवशी आठवत बसले, तेव्हा लक्षात आलं की मला पूजेचा एकही मंत्र आठवत नाही, पण पाच दगड गोळा करून आणायचं काम माझं होतं आणि ते कुठल्या बांधावरून आणायचे, किती मोठे हवेत, हे आजही माझ्या हाताला माहीत आहे. मुलाला सण कळतो तो त्याच्यावर सोपवलेल्या कामातून, असं मला तेव्हापासून ठाम वाटतं. मग रेवूला दगडांचं काम दिलं. आज्जी सांगते, “पाच आण, एकमेकांला शोभतील असे.” आणि रेवूला चारच मनासारखे मिळतात. पाचव्यासाठी ती शेजारच्या शेतात जाते, तिथं कुणीतरी तिला हाक मारून जेवायला बसवतं. एवढीच गोष्ट. सणातली जी हाक मला पुस्तकात आणायची होती, ती एकही शब्द न समजावता आत आली.

वडिलांबद्दल मी आणि माझी चित्रकार मैत्रीण बराच वेळ बोललो. रेवूचे वडील यंत्रमागावर काम करतात, त्या दिवशी सुट्टी घेऊन गावाकडे आलेत. रात्रीच्या स्वयंपाकाच्या पानावर ते काय करतात? तिनं पहिल्या रेखाटनात त्यांना खाटेवर झोपवलं होतं. आमच्याकडच्या पुष्कळ घरांत तसंच असतं हे खरं. पण माझे मामा दरवर्षी आंबील घोटायला बसायचे हेही तितकंच खरं. घोटायला ताकद लागते आणि गुठळी राहिली की आजी ओरडायची. शेवटी रेवूचे वडील मोठ्या पातेल्यासमोर बसून रवी धरतात असं चित्र झालं. आदर्श बाप दाखवायचा म्हणून ते काढलेलं नाही. तसा माणूस मी पाहिला होता.

आता चित्रांचं. या कामातला सगळ्यात मोठा भाग हा, आणि मला त्यावरच सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं.

अन्नाचं चित्र काढणं किती अवघड असतं हे ते काढायला बसल्याशिवाय कळत नाही. पुरणपोळी, लाडू, जिलबी यांना आकार असतो, रंग असतो. आमच्या जेवणाचं तसं नाही. भज्जी पिवळट हिरवी, तपकिरीकडे झुकणारी, घट्टसर. चित्रात ती नुसती रंगवली तर चिखल वाटते. मैत्रिणीनं मग तिचा दाणा न् दाणा वेगळा करायला घेतला. हरभरा टोकदार, पावटा चपटा, मेथीची पानं गडद, मधूनच गाजराचा केशरी तुकडा. आई ते चित्र बघून म्हणाली, “आता वाटतंय भज्जी. चिंच घातलीया का न्हाई तेवढं कळंना.” यापेक्षा मोठी दाद आम्हाला कुणी दिली नाही.

आंबील पांढरी, आणि कागदही पांढरा. मडक्यात आंबील आहे हे दाखवायचं कसं? मैत्रिणीनं आंबिलीला रंगच दिला नाही, कागद तसाच सोडला आणि भोवतीची काळी माती, मडक्याचा तांबूस रंग आणि मडक्याला गुंडाळलेली सोलापुरी चादर ठसठशीत केली. पिकांवर आंबील शिंपडतात त्या पानावर हवेत उडालेले थेंब म्हणजे नुसते कोरे ठिपके आहेत. ते पान मला आजही पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. चादर आम्ही हौसेनं घेतली. सोलापुरी चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण पुस्तकात तसलं काही लिहिलेलं नाही. वाचनवर्गातल्या मुलांच्या घरी ती मागावर विणली जाते आणि ती त्यांना पानात दिसावी, एवढ्यासाठी ती आहे.

शेताचं चित्र मामांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “ही ज्वारी कवाची?” मैत्रिणीनं छायाचित्रं बघून कणसं पिकलेली, पिवळी धमक काढली होती. मामा म्हणाले, “येळवशीला ज्वारी निसवायली असती, कुठं पोटरीत असती. दाणा भरायला अजून लई येळ हाय. हरभऱ्याला घाटे धरलेले दाव, करडईचे काटे दाव.” मग आम्ही त्यांच्याबरोबर शेतात गेलो. आमच्याकडची मालदांडी ज्वारी उंच वाढते, सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरून जाते. रेवू पाचवा दगड शोधत ज्वारीतून चालते त्या पानावर आता तिची फक्त रिबीन आणि हात दिसतो, बाकी सगळं हिरवं. मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही मानांकन आहे, मालदांडीचं ३५-१ हे वाण आपल्या जिल्ह्यातल्या मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रातलं. पण एखाद्या मुलाला ज्वारी आपल्यापेक्षा उंच असते एवढं जरी या पानातून उमगलं तरी मी समाधानी आहे.

पुस्तकाचा आकार आम्ही आडवा घेतला. शेत आडवं असतं, पंगत आडवी असते. पानं २४. मधोमध पिना मारून बांधायच्या पुस्तकात पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी लागते आणि एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या १६ पानांचा एक फर्मा धरला तर २४ पानं म्हणजे दीड फर्मा. कागद वाया जात नाही. पहिलं पान शीर्षकाचं, दुसरं श्रेयाचं, शेवटचं पाककृतीचं, तिसऱ्यावर गोष्ट सुरू आणि पुढे दहा जोडपानं. या बांधणीत १२ आणि १३ ही पानं एकाच अखंड कागदाची असतात. बाकीच्या जोडपानांत चित्राचे दोन भाग वेगवेगळ्या कागदांवर छापले जातात आणि जोडावर एखादा चेहरा आला तर तो सरकतो. म्हणून पंगतीचं मोठं चित्र आम्ही बरोबर १२-१३ वर बसवलं आणि गोष्टीची चाल त्या हिशेबानं पुढे-मागे केली. इतर पानांवर जोडाच्या जागी माणूस येणार नाही, फक्त माती, आभाळ किंवा पीक येईल, हे मैत्रिणीनं कटाक्षानं पाळलं.

रेखाटनं झाल्यावर रंग भरायच्या आधी आम्ही एक नमुना तयार केला. साध्या कागदावर छापून, घडी घालून, पिना मारून. तो घेऊन मी वाचनवर्गात गेले. मी फक्त वाचायचं आणि मुलांच्या नजरा कुठं जातात ते मैत्रिणीनं मागं बसून टिपायचं, असं ठरवलं होतं.

मुलांनी पहिल्याच पानावर अडवलं. “भाकरीवर डाग कुठायत?” चुलीवरच्या भाकरीला करपलेले काळे ठिपके असतात, पापुद्रा फुगलेला असतो. आमची भाकरी चंद्रासारखी गुळगुळीत होती. मग एका मुलानं दाखवलं, आज्जीच्या बांगड्या इथं भरपूर आणि पुढच्या पानावर दोनच. एकजण म्हणाला, “ही लोकं जेवताना पाणी कशातनं पितात?” खरंच, पंगतीत तांब्या नव्हता. सगळ्यात लहान मुलगी बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, “हिची मम्मी कुठंय?” आम्ही रेवूच्या आईविषयी काही लिहिलं नव्हतं. त्या खोलीत आईविना वाढणारी मुलं होती, वडिलांविना वाढणारी होती, आजीकडे राहणारी होती. मी तिलाच विचारलं, कुठं असेल? ती म्हणाली, “मोठ्या गावाला कामाला गेली असंल.” दुसरी म्हणाली, “न्हाई, तिच्या मम्मीनं तर हा फोटो काढलाय.” पुढं त्यांचा खूप वेळ त्यावर वाद झाला. आम्ही आई घातली नाही आणि नाही याचं कारणही लिहिलं नाही. ज्या मुलाला जे घर असेल ते त्यानं तिथं बसवावं, ही जागा मोकळी ठेवणंच मला योग्य वाटतं.

तेलुगू घरांतल्या मुलांना येळवस नवी होती. पाच दगडांना चुना लावताना बघून एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे बतुकम्माला, म्हणजे तेलंगणातल्या फुलांच्या सणाला, फुलं रचतात तेव्हा पण लहान पोरी फुलं निवडून देतात. मग काय, सगळ्या एकदम बोलायला लागल्या. शेवटच्या दिवशीचा दहीभात, चिंचेचा भात, तिळाचा भात, मलिदा. येळवशीचं वाचन बाजूला राहिलं. मी थांबवलं नाही. एका घरचं जेवण नीट, खरं खरं दाखवलं की दुसऱ्या घरचं मूल आपलं जेवण सांगायला लागतं. पुस्तकाकडून मला हवं होतं ते हेच, आणि ते छापायच्याही आधी मिळालं.

प्रकाशकांचा भाग थोडक्यात सांगते. एका ठिकाणी मजकूर आवडला, पण येळवशीऐवजी संक्रांत घ्या, राज्यभर चालेल, असा सल्ला मिळाला. संक्रांतीवर पुस्तकं आहेत आणि ती चांगलीही आहेत. मी नम्रपणे नाही म्हटलं आणि काही ओळखीच्यांच्या मदतीनं आम्ही स्वतःच छापलं. स्वतः छापणाऱ्यांसाठी उपयोगी पडेल म्हणून सांगते: आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि लेखक स्वतःच्या नावावरही तो घेऊ शकतो. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. हे अनेकजण करत नाहीत. येळवशीवरचं बालपुस्तक देशाच्या ग्रंथालयात असावं, असं मला मनापासून वाटत होतं, त्यामुळे त्या प्रती आम्ही सर्वांत आधी बांधल्या.

अक्षरांवर मात्र मी हट्ट धरला. संगणकावरचे बरेच देवनागरी फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतात. राज्य सरकारनं २००९ मध्ये मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली, त्यात ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं दिलेली आहेत, शाळेत मुलं तीच गिरवतात. नुकतं वाचायला शिकलेल्या मुलाला ‘शेंगा’ आणि ‘आंबील’ हे शब्द वेगळ्या अक्षरांत दिसले तर ते अडखळतं. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं आत असतात, भाषा मराठी निवडली की ती येतात. अक्षरजुळणी करणाऱ्या दादांना ते सापडेपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

छपाईत त्रास दिला तो काळ्या मातीनं. पडद्यावर माती सुंदर दिसत होती. छपाईत काळ्यासोबत निळा, किरमिजी, पिवळा असे चारही रंग भरपूर चढले की शाई वाळत नाही आणि समोरच्या पानाला डाग लागतो. छापणाऱ्यांनी आधीच बजावलं होतं. मैत्रिणीनं मातीतले बाकीचे रंग कमी केले, तर ती करडी, निर्जीव वाटायला लागली. कागद आम्ही चकचकीत आर्ट पेपरऐवजी मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा कागद, घेतला होता, कारण ट्यूबलाइटखाली मुलं वाचतात तेव्हा चकचकीत कागदावर उजेड परावर्तित होतो आणि चित्र दिसत नाही. पण मॅपलिथो शाई पितो, रंग मवाळ होतात. शेवटी मातीत किंचित तांबूस छटा ठेवून, ढेकळांच्या सावल्या तेवढ्या गडद करून तोडगा निघाला. पहिला छापील कागद मशीनवरून उतरला तेव्हा मामा योगायोगानं सोबत होते. त्यांनी मातीच्या पानावर अंगठा फिरवला आणि छापणाऱ्यांना म्हणाले, “भारी जमीन हाय ही. पाणी धरून ठेवतीय.”

शेवटच्या पानावर भज्जीची पाककृती आहे. प्रमाण दिलेलं नाही; साहित्याच्या प्रत्येक नावापुढे एक कोरी रेघ आहे आणि वर लिहिलं आहे, ‘हे तुम्हाला कुणी दिलं?’ मुलांनी तिथं नावं लिहायची. वाचनवर्गातल्या पहिल्या प्रतीत हरभऱ्यापुढे एका शेजारणीचं नाव आहे, मेथीपुढे ‘मार्केट यार्ड’ आणि शेंगदाण्यापुढे ‘आज्जी गावाकडची’. चुकापुढची रेघ अजून कोरी आहे, कारण शहरात तो लवकर मिळत नाही.

सध्या बतुकम्माच्या पुस्तकाचं काम सुरू केलं आहे. मजकूर वाचनवर्गातल्या दोन मुलींच्या आया तेलुगूत सांगतात, मुली मराठीत लिहून देतात. त्यात तरवड आणि कुर्डूची फुलं येतात, आणि मैत्रिणीनं आधीच सांगून ठेवलंय की ती छायाचित्रांवरून काढणार नाही. भाद्रपद अमावस्येला फुलं निवडायला बसतील तेव्हा त्यांच्याबरोबर बसायचं ठरलं आहे.